पहिल्या वर्षाची माती

तव्यावर माती होती आणि मी ती कालथ्याने परतत होते, तेव्हा सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. एका हातात गाडीची किल्ली, खांद्याला पिशवी, पायात चपला तशाच. धूर फारसा नव्हता, वरचा पंखा चालू होता. पण भाजलेल्या मातीचा वास लिफ्टपर्यंत गेला असणार.

“आई, काय भाजताय?”

“तुझी माती,” मी म्हटलं. “एक पिशवी झाली. दोन राहिल्यात.”

हे मी हसत सांगितलं. शाबासकी मिळेल अशा आवाजात सांगितलं.

तिने आधी गॅस बंद केला. मग ओट्यावरच्या रिकाम्या पिशवीवरचा आकडा वाचला. एक. दुसऱ्या पिशवीचं तोंड मी सोडून ठेवलं होतं. ती तिने उचलली, घट्ट बांधली आणि तिसरीबरोबर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून आली. मग तव्यातल्या मातीवर तिने सरळ तळवा टेकला. मी मनगट धरून ओढेपर्यंत तळवा लाल झाला होता.

“सगळी घातलीत?”

“सगळी. खालीवर करून भाजलीय. आता तुझं एक रोप मान टाकणार नाही.”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि ते मला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, “ह्यात जे होतं ते मेलं, आई,” आणि ओट्याला पाठ लावून फरशीवर बसली.

मी रत्नागिरीकडची. चौथीपर्यंत शिकले. गावात त्याच्या पुढची शाळा नव्हती, आणि असती तरी मला पाठवलं नसतं. आमच्याकडे भाताची रोपं करायची असली की आधी ती जागा भाजतात. शेण, सुका पाला, गवत, वर मातीचा पातळ थर, आणि खालून पेटवून द्यायचं. जाळ उठता कामा नये, नुसतं धुमसत राहिलं पाहिजे. ह्याला भाजावळ म्हणतात. तणाचं बी जळतं, कीड जळते, माती हलकी होते. न भाजता पेरलं तर रोपं पिवळी पडतात आणि बघणारे शेजारी हसतात. मी परकर नेसायचे तेव्हापासून भाजावळ करत आले. दुसऱ्या कामांत मी कुणाचंही ऐकून घेते, ह्या कामात घेत नाही.

नवरा गेल्यावर मुलाने मला बहरीनला आणलं. तिथल्या बुसैतीन भागात त्याचं घर आहे. तो एका कंपनीत हिशेब बघतो. सून पुण्याची, इथे कॉलेजात शिकवते. मला नातीला सांभाळायचं काम मिळालं. ते बरं झालं, कारण रिकामी बसले की मी भांडते.

शिकवता शिकवता सुनेची पीएचडी चालू होती. पुण्याच्या एका सरांच्या हाताखाली, आणि विषय मातीचा. हिमालयात वरच्या बाजूला बर्फ वितळून मागे मागे सरकतंय. ते सरकलं की खालून जी जमीन उघडी पडते ती कोरी असते. दगडाचा चुरा, बस. तिच्यात ना खत ना काही. तरी पहिल्याच उन्हाळ्यात तिथे बोटाएवढं रोप उगवतं. ते उगवतं कारण त्याच्या मुळांभोवती डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते त्या चुऱ्यातून मुळांना खायला काढून देतात, आणि मुळं त्यांना आपल्या अंगचा रस देतात. आमची इमारत उभी आहे तिथेही आधी समुद्र होता. वाळू उपसून भर घातलेली जमीन ही. ती पण कोरीच. सुनेला बघायचं होतं, की तिकडच्या थंडीतले ते जीव इकडच्या वाळूत मुळांना मदत करतात का. इथल्या उन्हाळ्यात नाही, तेवढं तिलाही कळत होतं. एसी लावून, थंडीत.

आज मी हे धडाधड लिहितेय. त्या दिवशी मला यातलं किती माहीत होतं, हा खरा प्रश्न आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायला जागा आहे. सून हे सगळं नातीला इंग्रजीत सांगायची, मुलाला इंग्रजीत सांगायची, आणि मी विचारलं की म्हणायची, “माती आहे, आई.” पण एकदा तिने मला मराठीत नीट सांगितलं होतं. भाजी निवडत होतो आम्ही. ती म्हणाली, “त्या मातीत बारीक जीव आहेत, त्यांच्यासाठीच आणलीय ती.” मी ऐकलं होतं. मातीतले जीव म्हणजे कीड, असं मी माझ्या मनाने ठरवलं, आणि पुढचं ऐकलं नाही.

ती तीन उन्हाळे तिकडे जाऊन आली होती. दर खेपेला त्याच एका जागेवर. पहिल्या वर्षी ती जागा बर्फाखालून नुकतीच बाहेर आली होती. दुसऱ्या वर्षी तिला एक वर्ष झालं होतं, तिसऱ्या वर्षी दोन. रोपांच्या मुळांसकट माती काढून तिने तीन पिशव्या केल्या आणि त्यांच्यावर एक, दोन, तीन आकडे घातले. परवानग्या काढून, बर्फाच्या पेटीत घालून ती इथे आणली. तिन्ही वेळा पोर माझ्याजवळ होती. पहिल्या वेळी तर पोर रात्रंदिवस आईला शोधायची. म्हणजे ह्या पिशव्यांसाठी काय गेलंय ते मी घरात बसून बघितलं होतं.

त्या उन्हाळ्यात कॉलेजातली थंड खोली दुरुस्तीला निघाली आणि सुनेने सगळं सामान घरी आणलं. पिशव्या फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी. आणि रोपांचे ट्रे माझ्या खोलीत. वर पांढऱ्या ट्यूब, एसी सोळावर. मला नातीच्या खोलीत हलवलं.

“आई, महिनाभराचाच प्रश्न आहे,” मुलगा म्हणाला.

“माझी खोली मातीला दिली,” मी म्हटलं. “बाहेर कोळसा झालाय माणसांचा आणि मी घरात स्वेटर घालून बसते. गावात सांगितलं तर मला वेडी म्हणतील.”

“मग सांगू नकोस गावात.”

तीन पिशव्यांना हात लावण्याआधी सुनेने नुसत्या वाळूत जव पेरून बघितले होते, ट्यूब आणि एसी नीट जमतात का ते बघायला. चार पानं आली आणि रोपांनी बुडाशी माना टाकल्या. मी बघितल्याबरोबर सांगितलं, “भाजल्याशिवाय पेरलंस म्हणून. माती भाजून घे गो.” ती हसली. वाईट हसली नाही. लहान मूल काही बोललं की हसतात तशी हसली, आणि म्हणाली, “रविवारी खरी माती घालून पेरणार आहे, तेव्हा बघा.” ते हसू माझ्या डोक्यात राहिलं.

मग शनिवारी सकाळी ती कॉलेजात काहीतरी आणायला गेली, मुलगा नातीला पोहायला घेऊन गेला, आणि मी लोखंडी तवा काढला.

हे सगळं मी त्या वेळी आठवत बसले नव्हते. त्या वेळी मी कालथा हातात धरून उभी होते आणि सून फरशीवर बसली होती. मी म्हटलं, “थोडी राहिली असेल पिशवीच्या कोपऱ्यात.” तिने पिशवी उलटी करून बघितली. मी ती झटकून झटकून रिकामी केली होती. कामात मी चोख आहे.

मग तिने मान वर केली.

“आई, ह्यात मुळं होती. केसांसारखी, बारीक.”

“ती काढून टाकली ना. जळून धूर झाला असता.”

“कधी काढलीत? भाजायच्या आधी की नंतर?”

“आधी. तांदूळ निवडतात तशी निवडून काढली.”

“कुठे टाकली?”

“कचऱ्यात.”

ती उठून सिंकखालचा डबा ओढेपर्यंत मला आठवलं की डबा रिकामा आहे. तांदूळ, भाजी, माती, सगळं निवडून झाल्यावर मी पिशवी बांधून खाली टाकून आले होते. घर स्वच्छ दिसावं म्हणून.

तिने मला “चला” म्हटलं नाही, पण मी तिच्या मागे गेले. लिफ्टमध्ये आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. तिने पोळलेला तळवा लिफ्टच्या गार आरशाला लावून धरला होता.

आमच्या इमारतीचा कचरा तळमजल्यावर पार्किंगच्या मागच्या भिंतीला मोठ्या पेटीत पडतो. सावली असते, पण जुलैची सावली. पेटीचं झाकण उघडलं तर वाफ आली. पहारेकरी खुर्चीवरून उठून आला. मलबारचा म्हातारा आहे, माझ्याशी हिंदीत बोलतो, आणि त्याचं हिंदी माझ्यापेक्षा वाईट आहे, म्हणून आमचं जमतं.

“अम्मा, क्या गिरा? सोना गिरा?”

“सोना नहीं. जड़ है, जड़. झाड का पाँव.”

“झाड का पाँव!” तो सुनेकडे बघून म्हणाला, “मॅडम, अम्मा को धूप लगा?”

सून त्याच्याकडे न बघता पेटीत वाकली होती. त्याने घड्याळाकडे बघितलं. “यल्ला, जल्दी. गाडी अभी आएगा, फिर खलास.”

मग त्यानेच काठीने वरच्या पिशव्या बाजूला केल्या. आमची पिशवी मी ओळखली, गाठ माझी होती. तिच्यावर कुणाच्या तरी घरची कोंबडीची हाडं फुटून सांडली होती. सूनबाईने पिशवी छातीशी धरली तशी तिच्या शर्टावर तेल ओघळलं. माणसं कचऱ्याच्या गाडीकडे बघतात तशी ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

वर येऊन तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी फोडली. कांद्याची सालं, चहाचा चोथा, कोथिंबिरीचे देठ. त्यात ती मुळं. चिमट्याने ती एकेक उचलत होती. मी चष्मा लावून समोर बसले आणि बोट दाखवत राहिले, “हे बघ, हे बघ इथे एक.” एकदा तिने म्हटलं, “तो कांद्याचा धागा आहे, आई.” मग मी हात मांडीवर ठेवले. मूठभर निघाली नाहीत, चिमूटभर निघाली. प्रत्येक मुळाला राईएवढे मातीचे कण चिकटलेले होते. ती मुळं तिने काचेच्या नळ्यांत घातली आणि फ्रीजमध्ये ठेवली. मग ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

मुलगा आणि नात आली तेव्हा तवा तसाच शेगडीवर होता. नातीने तव्यात डोकावून बघितलं. तिला मराठी समजतं, पण ती बोलत नाही. म्हणाली, “आजी, डिड यू कुक मम्माज मड?”

“हो. खाणार?”

ती खदखदून हसली, आणि तिच्या हसण्यावर मीही थोडी हसले. हे पण लिहून ठेवते, कारण न्हाणीघराच्या दारातून सुनेने ते ऐकलं.

मुलाने मला गॅलरीत बोलावलं आणि काचेचं दार लावून घेतलं. बाहेर भट्टी होती. तो आवाज न चढवता बोलतो, बापाचा स्वभाव.

“तिला विचारून का नाही केलंस?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असती.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

मी पदराने मानेवरचा घाम पुसला. 

“ती बाहेर जायची वाट बघितलीस,” तो म्हणाला.

“भलं करायला गेले रे.”

“हे तिला सांगू नकोस. मला सांगितलंस तेवढं पुरे.”

रोपं वाचावीत म्हणून मी ती माती भाजली, हे खरं आहे. माझी खोली गेली होती म्हणून भाजली, हेही खरं आहे. ती हसली होती म्हणून भाजली. रविवारी तिची रोपं तरारून उठतील, ती म्हणेल कसं काय, आणि मी म्हणेन, मी भाजावळ केली. ते वाक्य मी तवा तापायच्या आधी मनात बोलून बघितलं होतं. ह्यातलं कुठलं कारण किती, ते मी अजून वेगळं करू शकलेले नाही.

पुढचे काही दिवस सून माझ्याशी नीट बोलत होती, त्याचाच त्रास झाला. “आई, चहा घेता?” “आई, पोरीला सहाला उठवा.” तळव्याला पट्टी होती म्हणून कणीक मी मळायचे. तिला आवडतात म्हणून घावणे केले. तिने दोन खाल्ले आणि बरे झालेत म्हणाली. त्याच तव्यावर केले होते. मी तो तीनदा घासला होता, तरी वाढताना मला शरम वाटली.

शेवटी मी म्हटलं, “मी गावी जाते. तिकीट काढा माझं.”

तेव्हा मात्र ती तापली. “कशाला? पोरीला कोण बघणार? आधी माझं काम भाजलंत, आता घर पण मोडून जा. माफी मागायची असली तर मागा, आई. जायचं नाटक नको.”

“मागते. चुकले मी.”

“बरं,” ती म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

मी तिला एवढंच विचारलं, की परत जाऊन आणता येणार नाही का. पुढच्या उन्हाळ्यात. माझ्या बांगड्या आहेत, तिकिटाला होतील. ती म्हणाली, “ती जागा आता चार वर्षांची होईल, आई. मला तिची पहिल्या वर्षाची माती हवी होती. तुमच्या मुलाचा सहा महिन्यांचा फोटो हरवला तर आज काढून आणता येईल का?” तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं मी काय केलं ते. ती सांगत होती की एक अन् तीन या पिशव्यांमध्ये काय बदललं, कोण आधी आलं आणि कोण मागून आलं, हेच तिचं सगळं काम. आधी कोण आलं ते मी तव्यावर घातलं होतं. त्यातल्या थोड्या मातीची तपासणी पूर्वी झाली होती, पण त्या तपासणीत जीव मरतात आणि कोण कोण जिवंत आहे ते कळत नाही. जिवंत ते ह्या पिशवीतच होते.

एका संध्याकाळी पुण्याच्या सरांचा फोन आला. मी जेवणाच्या टेबलावर कोळंबी सोलत होते. ती उभ्यानेच बोलत होती.

“हो सर. फ्रीज बंद पडला घरचा. हो, एकच पिशवी, वरच्या कप्प्यात होती. नाही सर, चूक माझीच. घरी ठेवायलाच नको होती.”

पलीकडून ते काहीतरी बोलत राहिले. ती “हो सर, हो सर” म्हणत राहिली, तिचे कान लाल झाले होते. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “खोटं का बोललीस? माझं नाव सांगायचं. मी काही त्यांना भीत नाही.”

“आई, सासूने माती तव्यावर भाजली असं सांगू? ते हसतील. मग डिपार्टमेंटमध्ये सांगतील, मग सगळे हसतील. पुढे मी कुठेही गेले तरी कुणी माझं काम विचारणार नाही. तवा विचारतील.”

“मग मी बोलते त्यांच्याशी.”

“नाही.” तिने फोन मागे लपवला, लहान पोरीसारखा. “एवढं तरी माझं ऐका. एकदा ऐका.”

मी ऐकलं. मी तोंडावर बोलणारी बाई. गावात मी सरपंचाला बोलले, नवऱ्याच्या तेराव्याला जावेला बोलले. बोलून टाकलं की मी मोकळी होते आणि समोरचा जड होतो, असा माझा आजवरचा हिशेब. पुढे ते सर व्हिडिओवर आले, मी मागून चहाचा कप ठेवायला गेले, तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, “आजी, नवीन फ्रीज घेतला की नाही?” मी म्हटलं, “घेतला.” स्वयंपाकघरात येऊन मी नळ सोडला आणि नळाखाली नुसते हात धरून उभी राहिले.

कॉलेजातली खोली दुरुस्त झाल्यावर ती मला एकदा तिथे घेऊन गेली. नातीला सुट्टी होती, मुलगा कामावर, म्हणून न्यावं लागलं, मला मुद्दाम दाखवायला म्हणून नव्हे. आत इतकी थंडी की माझे गुडघे आवळले. फळीवर काचेच्या चपट्या डब्या रांगेने ठेवलेल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिशवीच्या डब्यांत ठिपके आले होते. पांढरे, पिवळे, एक केशरी, एक तर जांभळ्यासारखा. साबुदाणा उकडल्यावर फुगतो तसे फुगलेले. सून म्हणाली, एकेक ठिपका म्हणजे एकेका जिवाचं अख्खं गाव.

“माझी कुठली?” मी विचारलं.

तिला कळलं मी काय विचारते ते. तव्यातली माती तिने वाया घालवली नव्हती, त्यातली चिमूटही डब्यांत घातली होती. तिने त्या डब्या दाखवल्या. सगळ्या स्वच्छ. धुऊन ठेवलेल्या ताटलीसारख्या. नातीने त्यांच्याकडे बघून म्हटलं, “नथिंग ग्र्यू, आजी.” मी म्हटलं, “हो, दिसतंय.”

मुळांच्या नळ्या वेगळ्या होत्या. त्यांच्यातून जे उगवलं होतं त्यात सुनेला आनंद नव्हता, कारण बरंचसं आमच्या कचऱ्यातलं होतं. चहाचं, कांद्याचं, शेजारच्या कोंबडीचं. ते घरातल्या उबेत वाढणारे, ह्या थंडीत त्यातल्या बऱ्याच जणांचं काही चालत नव्हतं. म्हणून ती डब्या गारठ्यातच ठेवून वाट बघत होती. थंडीतले जीव सावकाश वाढतात म्हणाली, त्यांना घाई नसते. आठवडे गेले. मी रोज विचारत नव्हते. ती घरी आली की तिच्या चपला काढण्यावरून ओळखायचे. ज्या दिवशी काही नसायचं त्या दिवशी ती चपला नीट जोडून ठेवायची.

एक दिवस चपला वाकड्यातिकड्या पडल्या. ती स्वयंपाकघरात आली, मी भाकरी थापत होते. म्हणाली, “दोन आलेत, आई. मुळांवरचे. दुसऱ्या पिशवीतल्या दोघांशी जुळतात, म्हणजे तिथलेच आहेत, कचऱ्यातले नाहीत.”

“बाकीचे?”

“बाकीचे नाहीत.”

“किती होते?”

“ते कळलंच नाही ना,” ती म्हणाली. “मोजायच्या आधीच झालं सगळं.” आणि पिठाच्या परातीकडे बघत राहिली. मग तिने हात धुतले आणि दुसरी भाकरी ती थापायला बसली. तिला भाकरी जमत नाही. मी परात तिच्याकडे सरकवली.

जे मेले त्यांना नावं नव्हती. त्यातला एखादा असा असेल, की ज्याच्यामुळे ही उपसलेली वाळू दोन-चार वर्षांत माती झाली असती. सून म्हणते असं काही नसतं, एकट्याने काही होत नसतं. ती हे माझ्यासाठी म्हणते की खरंच तसं आहे, ते मला ठरवता येत नाही, आणि विचारायला मी चौथी शिकलेली.

तिची पीएचडी झाली. एक वर्ष उशिरा झाली, आणि पहिल्या वर्षाच्या मातीवरचा भाग सरांनी निम्म्यावर आणायला लावला. त्या भागात तिने लिहिलंय की ती माती उष्णता लागून गेली. कशाची उष्णता ते लिहिलेलं नाही. ते पान तिने मला मराठीत वाचून दाखवलं, मीच हट्ट केला म्हणून. वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटलं आणि आम्ही दोघी जेवायला वाढायला उठलो.

ते दोघे अजून कॉलेजातल्या थंड खोलीत आहेत. एक पांढरा, एक फिकट पिवळा. मध्ये एकदा तिने ते वाळूत घालून जव पेरले, काही रोपं उगवली, काही गेली, त्यावरून अजून काही सांगता येत नाही म्हणाली. पहिल्या वर्षाच्या त्या पिशवीतून एवढेच जगले. दोन.